पोटातलं इंजेक्शन

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत मराठी घरांतली विचारपूसच बदलली. एरवी आजाऱ्याबद्दल आपण "ताप उतरला का?" असं विचारतो. त्या उन्हाळ्यात फोनवर पहिला प्रश्न यायचा, "डी-डायमर किती आलं?" आकडा ऐकून पलीकडचा माणूस क्षणभर गप्प व्हायचा आणि मग आपल्या मेहुण्याचा आकडा सांगायचा. डी-डायमर म्हणजे काय, हे दोघांपैकी कुणालाच धड ठाऊक नसायचं. आकडा वाढला की पोटातलं इंजेक्शन सुरू होतं, एवढं मात्र सगळ्यांना कळलं होतं.

ते इंजेक्शन देण्याची रीत ठरलेली. सिस्टर बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरणार, बारीक सुई सरळ आत घालणार, औषध सावकाश सोडणार आणि वर बजावणार, "चोळू नका हं." दुसऱ्या दिवशी तिथे जांभळट डाग. चार-पाच दिवसांत पोटाचा नकाशा व्हायचा. जुन्या माणसांना पोटातलं इंजेक्शन म्हटलं की कुत्रं चावल्यावरची चौदा इंजेक्शनंच आठवत, त्यामुळे ती आधीच धास्तावलेली. कशासाठी देताय म्हणून विचारलं तर उत्तर एकच, "रक्त पातळ करायला."

खरं तर रक्त पातळ होत नाही. डाळीत पाणी ओतावं तसा काही प्रकार तिथे घडत नाही. जखम झाली की रक्त साकळतं, आणि साकळण्यासाठी रक्तातली प्रथिनं एकामागोमाग एक जागी होतात. हे औषध त्या साखळीचा वेग मारतं. आपल्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचा पहारेकरी असतोच. हेपारिन त्याला चिकटलं की तो सुमारे हजारपट चपळ होतो. पोटात टोचलं जाणारं एनॉक्सापॅरिन हा त्याच हेपारिनचा छोटा तुकडा.

हेपारिनचा शोध लागला तोच उलट्या दिशेने जाताना. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी होता. वडील लहानपणीच गेलेले, १९०६च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात घर गेलेलं, शिक्षणाचे पैसे जमवायला सोन्याच्या खाणीत आणि तेलविहिरींवर राबलेला. शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हॉवेल यांनी त्याला काम दिलं, ते रक्त गोठवणाऱ्या पदार्थाचं. असा पदार्थ मेंदूतून निघतो हे माहीत होतं; मॅक्लीनने हृदय आणि यकृतही धुंडाळायला घेतलं. कुत्र्याच्या यकृतातून काढलेला अर्क काही दिवस ठेवला, तर तो गोठवण्याऐवजी गोठणंच थांबवू लागला. हॉवेल यांना पटेना. मॅक्लीनने पुढे स्वतः लिहून ठेवलेली आठवण अशी: मांजराचं रक्त एका छोट्या बीकरमध्ये घेतलं, त्यात अर्क ढवळला, बीकर हॉवेल यांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, गोठलं की मला कळवा. ते रक्त गोठलंच नाही. साल १९१६.

दोन वर्षांनी, १९१८ साली, हॉवेल आणि एमेट होल्ट यांनी अशा पदार्थाला 'हेपारिन' हे नाव दिलं. हेपार म्हणजे ग्रीक भाषेत यकृत. मॅक्लीनच्या बीकरमधला पदार्थ आणि आजचं हेपारिन रसायन म्हणून एक नव्हेत, त्यामुळे शोध नेमका कुणाचा यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. मला त्या वादापेक्षा सालाचं नवल वाटतं. १९१८ हेच इन्फ्लुएन्झाच्या महासाथीचं वर्ष. उन्हाळ्याअखेर मुंबई बंदरात उतरलेली ती साथ 'बॉम्बे फीव्हर' म्हणून देशभर पसरत होती, आणि त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला या औषधाचं बारसं होत होतं. दोघांची गाठ पडायला शतक जावं लागलं.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. हॉवेल यांचं हेपारिन अशुद्ध होतं, माणसाला देता येण्याजोगं नव्हतं. ते शुद्ध करण्याचं काम टोरोंटोत चार्ल्स बेस्ट यांच्या चमूने केलं. इन्शुलिनच्या शोधात बँटिंग यांच्या जोडीला होते तेच हे बेस्ट. गुरांची यकृतं आणि फुप्फुसं सडवून त्यातून हेपारिन काढायचं. दुर्गंधी अशी सुटली की ते काम शहराबाहेरच्या शेतावर हलवावं लागलं. १९३५ साली गॉर्डन मरे या शल्यविशारदाने टोरोंटोत ते रुग्णांवर वापरलं. पुढे गुरांची जागा डुकरांच्या आतड्यांनी घेतली आणि ती आजही त्यांचीच आहे.

औषध आलं, पण ते कुणाला आणि किती द्यायचं, हा प्रश्न राहिलाच. पायाच्या शिरेत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली की माणूस बोलता बोलता जातो. १९६० साली ब्रिस्टलच्या दोन डॉक्टरांनी, बॅरिट आणि जॉर्डन यांनी, अशा रुग्णांचे दोन गट केले. औषध न दिलेल्या १९ जणांपैकी ५ जण फुप्फुसातल्या गुठळीने दगावले, औषध दिलेल्या १६ जणांपैकी त्या कारणाने एकही नाही. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात विजय कक्कर या भारतीय वंशाच्या शल्यविशारदाने दुसरा प्रश्न घेतला: गुठळी होण्याआधीच छोटा डोस दिला तर? १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बहुदेशीय चाचणीत शस्त्रक्रिया झालेले चार हजारांहून अधिक रुग्ण होते. फुप्फुसातल्या गुठळीने औषधाविना १६ मृत्यू, औषध घेऊन २. बचावाचा डोस आणि उपचाराचा डोस हे दोन वेगळे रस्ते आहेत, हे तेव्हापासून रुग्णालयांच्या अंगवळणी पडलं. साठ किलोच्या माणसाला एनॉक्सापॅरिनचा बचावाचा डोस दिवसाला साधारण ४० मिलिग्रॅम, उपचाराचा १२० मिलिग्रॅम. फरक तिपटीचा, आणि २०२०ची सगळी लढाई या तिपटीवरून झाली.

त्या लढाईची पहिली बातमी वुहानहून आली. तिथल्या तोंगजी रुग्णालयाच्या तांग निंग आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२०मध्ये १८३ कोविड रुग्णांची रक्ततपासणी छापली. त्यातले २१ जण दगावले होते. या २१पैकी १५ जणांच्या रक्तात सर्वत्र साकळण्याची प्रक्रिया बेबंद झाल्याच्या खुणा होत्या. वाचलेल्या १६२ जणांत असा फक्त एक. डी-डायमर हा याच हिशेबातला आकडा. गुठळी विरघळताना तिच्या धाग्यांचे जे तुकडे रक्तात उतरतात ते डी-डायमर. चुलीतली राख पाहून जाळ किती झाला असेल याचा अंदाज बांधावा, तसं हे मोजमाप. पण राख कशाचीही असू शकते. वयाने, गरोदरपणाने, साध्या जंतुसंसर्गानेही हा आकडा वाढतो. आपल्याकडे फोनवरून आकडे सांगताना हे कुणी सांगत नव्हतं.

एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या अतिदक्षता विभागांत डायलिसिसची यंत्रं तुंबू लागली. मूत्रपिंड थकलेल्या कोविड रुग्णाचं रक्त नळीतून गाळणीकडे जायचं आणि गाळणीतच साकळायचं. गाळणी बदलावी तर नवीही तुंबायची. माउंट सायनाय रुग्णालयाच्या डॉक्टरांनी पन्नाशीच्या आतल्या पाच जणांची नोंद प्रसिद्ध केली. दोन आठवड्यांत या पाचही जणांच्या मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला होता. नेदरलँड्समध्ये अतिदक्षता विभागांतल्या १८४ रुग्णांपैकी ३१ टक्क्यांना गुठळीचा त्रास झाला, आणि तोही बचावाचा डोस चालू असताना. श्वसनाचा म्हणून ओळखला जाणारा रोग रक्तवाहिन्यांतही घुसला होता.

जर्मनीत सार्वजनिक आरोग्य पाहणाऱ्या रॉबर्ट कॉख संस्थेने संसर्गाच्या भीतीने सुरुवातीला शवविच्छेदन टाळा असं सांगितलं होतं. हॅम्बुर्ग शहराने ऐकलं नाही. तिथे मृतदेह उघडून पाहिले गेले, आणि मे २०२०मध्ये पहिल्या १२ शवांचा अहवाल आला. ७ जणांच्या पायांच्या खोल शिरांत गुठळ्या होत्या, आणि जिवंतपणी डॉक्टरांना त्यांचा संशयही आला नव्हता. चौघांच्या मृत्यूचं थेट कारण फुप्फुसात अडकलेली गुठळी. त्याच महिन्यात आणखी एक अभ्यास आला. त्यात कोविडने गेलेल्या ७ जणांची फुप्फुसं आणि २००९च्या एच१एन१ फ्लूने गेलेल्या ७ जणांची फुप्फुसं शेजारी ठेवून पाहिली होती. वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांतल्या सूक्ष्म गुठळ्या कोविडमध्ये नऊपट आढळल्या. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी गुठळीची तीन कारणं सांगून ठेवली होती: वाहिनीच्या भिंतीला इजा, रक्ताचा प्रवाह मंदावणं आणि रक्ताचीच साकळण्याकडे ओढ. विषाणूने भिंत सोललेली, रोगी दिवसचे दिवस खाटेवर निश्चल, आणि दाहाने रक्त खवळलेलं. कोविडच्या रुग्णात तिन्ही एकत्र आली होती.

भारतात त्या मे महिन्यात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, सूचना होती की चिरफाड करून शवविच्छेदन करू नये. आपल्याकडे मग ती जागा व्हॉट्सअॅपने भरून काढली. "इटलीच्या डॉक्टरांनी कायदा मोडून शवविच्छेदन केलं आणि त्यांना कळलं की हा विषाणू नाहीच, नुसत्या गुठळ्या आहेत, अॅस्पिरिन घ्या, बरे व्हा." हा मजकूर पुढच्या वर्षी फक्त देश बदलून परत आला, कधी रशिया, कधी सिंगापूर. सिंगापूरच्या आरोग्य खात्याला जाहीर खुलासा करावा लागला. ही थाप इतकी टिकली कारण तिचा एक पाय सत्यात होता. गुठळ्या खऱ्या होत्या. अॅस्पिरिनचं काय झालं ते पुढे येईलच.

गुठळ्या एवढ्या, तर औषध तिप्पट करा, हा विचार कुणालाही सुचेल. जगभर असंख्य डॉक्टरांना तो सुचला. त्याला मोठं बळ मिळालं ते मे २०२०मध्ये, माउंट सायनायच्याच एका टिपणाने. लेखकांच्या यादीतलं पहिलं आडनाव परांजपे, शेवटचं नाडकर्णी. २,७७३ रुग्णांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत उपचाराचा डोस मिळालेल्यांपैकी २९.१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ६२.७ टक्के. निम्म्याहून कमी! हा आकडा वाचून ज्याच्या हातात सिरिंज आहे त्याने काय करावं?

पण या आकड्यात एक खोच आहे. दाखल झाल्या दिवशीच जो गेला त्याला मोठा डोस सुरू व्हायला वेळच मिळाला नाही. तो 'औषध न मिळालेल्यां'त मोजला गेला. औषध मिळायला आधी काही दिवस जगावं लागतं. एसटीच्या पासधारकांत शाळेत रोज जाणारी मुलं जास्त सापडतात म्हणून पास दिल्याने हजेरी वाढते असं म्हणण्यासारखं. टिपणाच्या लेखकांनीही प्रत्यक्ष चाचण्या करा असंच म्हटलं होतं. पण महासाथीत तळटीप कोण वाचतो?

या तिढ्यातून वाट काढायला चिठ्ठ्या टाकण्याची जुनी रीतच कामी आली. कुणाला मोठा डोस आणि कुणाला छोटा, हे डॉक्टरच्या अंदाजाने न ठरवता संगणकाच्या सोडतीने ठरवायचं. तीन मोठ्या चाचण्या स्वतंत्रपणे सुरू झाल्या होत्या. त्यांच्या चालकांनी आपापले झेंडे खाली ठेवून आकडे एकत्र केले, याचं मला आजही अप्रूप वाटतं. रुग्णांचे दोन वर्ग केले: अतिदक्षता विभागात श्वासाला किंवा रक्तदाबाला आधार लागलेले गंभीर, आणि वॉर्डात दाखल झालेले पण अजून त्या थराला न गेलेले मध्यम.

डिसेंबर २०२०मध्ये गंभीर रुग्णांची भरती थांबवली गेली. मोठ्या डोसाचा उपयोग दिसत नव्हता, अपायाची शंका येत होती. पुढच्या महिन्यात दुसरी घोषणा झाली: मध्यम रुग्णांना मात्र फायदा होतोय. ऑगस्ट २०२१मध्ये दोन्ही निबंध छापून आले. गंभीर रुग्ण १,०९८. मोठ्या डोसाने ६२.७ टक्के जिवंत घरी गेले, नेहमीच्या डोसाने ६४.५ टक्के, मोठा रक्तस्राव ३.८ विरुद्ध २.३ टक्के. मध्यम रुग्ण २,२१९. यंत्राचा किंवा रक्तदाबाच्या औषधांचा आधार न लागता घरी गेलेले ८०.२ टक्के, नेहमीच्या डोसाने ७६.४. म्हणजे शंभरात चार जण जास्त, आणि मोठा रक्तस्राव शंभरात एकाने जास्त.

ज्यांच्यात गुठळ्या सर्वांत जास्त, त्यांनाच औषधाच्या मोठ्या मात्रेचा उपयोग नाही. हे निबंध वाचणाऱ्या कित्येक डॉक्टरांनी कपाळाला हात लावला असेल. त्याची फोड काहींनी अशी केली की तोवर उशीर झालेला असतो. केशवाहिन्या बुजून गेल्या, दाहाने फुप्फुस भाजलं, की आता न साकळणारं रक्त जखमी फुप्फुसात झिरपण्याचीच भीती जास्त. हेपारिन नवी गुठळी धरू देत नाही, धरलेली फोडत नाही. हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य, पण घाबरलेल्या जगाला ते विसरायला झालं होतं.

बाकीचे निकालही येत गेले. इराणच्या चाचणीत अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना मधला डोस देऊन पाहिला, फरक नाही. ब्राझीलमध्ये हेपारिनऐवजी रिव्हारोक्साबॅनच्या गोळ्या उपचाराच्या डोसात दिल्या. फायदा नाही, रक्तस्राव वाढला. आणि ते व्हॉट्सअॅपवरचं अॅस्पिरिन? ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने ते १४,८९२ रुग्णांत तपासलं. जून २०२१मध्ये निकाल जाहीर झाला: अॅस्पिरिन घेतलेल्यांत २८ दिवसांत १७ टक्के मृत्यू, न घेतलेल्यांत १७ टक्के.

भारताने या सगळ्यात सावध पवित्रा घेतला होता, हे नोंदवलं पाहिजे. एप्रिल २०२१मध्ये, दुसरी लाट डोक्यावरून जात असताना, एम्स आणि आयसीएमआरने जे एका पानाचं मार्गदर्शन काढलं त्यात मध्यम रुग्णांना हेपारिनचा नेहमीचा बचावाचा डोस आणि गंभीर रुग्णांना मधला डोस सांगितला होता, आणि तोही रक्तस्रावाचा धोका नसेल तरच. त्या दिवसांत रेमडेसिव्हिरसाठी माणसं औषधांच्या दुकानांसमोर रात्र काढत होती, प्लाझ्मासाठी समाजमाध्यमांवर हात जोडत होती. त्या दोन्हींच्या मानाने हे साधं, जुनं इंजेक्शन कितीतरी खात्रीचं होतं. त्यासाठी रांगा लागल्याचं मात्र फारसं कुणाला आठवत नाही. स्वस्त आणि जुन्या औषधाची कुणी बातमी करत नाही.

तेही अगदी सहज मिळत होतं असं नाही. २०१८च्या ऑगस्टमध्ये चीनमध्ये डुकरांना आफ्रिकन स्वाइन फीव्हरने गाठलं आणि डुकरांचे कळपच्या कळप गेले. डुक्कर नाही तर आतडं नाही, आतडं नाही तर हेपारिन नाही. कच्च्या मालाचे भाव चढत गेले. त्यात कोविडची मागणी आली. भारतात हेपारिनची किंमत सरकारने बांधलेली, कच्चा माल चीनमधून यायचा, कंपन्यांना परवडेना. अखेर जून २०२०च्या शेवटी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने हेपारिनच्या कमाल किमतीत एकवेळची ५० टक्के वाढ मंजूर केली. वराहपालन आणि सोलापूरच्या एखाद्या वॉर्डातली खाट यांचा संबंध असू शकतो, हे त्या वर्षाने दाखवलं.

शोध कुणाचा, या जुन्या वादाची जाता जाता एक नोंद: जे मॅक्लीन १९५७ साली वारले. १९६३ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांच्या नावाची पाटी लागली. तिच्यावर हॉवेल यांचंही नाव आहे.

आता एक व्यवहाराची गोष्ट. रुग्णालयातून घरी सोडताना त्या काळात कित्येकांच्या चिठ्ठीवर रक्त न गोठण्याची गोळी लिहून दिली जायची, अपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन, कुणाला अॅस्पिरिनचीच छोटी गोळी. घरी गेल्यावरच्या या गोळ्यांचीही पुढे चाचणी झाली. ब्राझीलमध्ये गुठळीचा धोका जास्त असलेल्या रुग्णांना रिव्हारोक्साबॅनचा लहान डोस ३५ दिवस दिल्याने फायदा दिसला. अमेरिकेत बाराशेंवर रुग्णांच्या चाचणीत अपिक्साबॅन ३० दिवस देऊन पाहिलं, तिथे ठोस फरक दिसला नाही. दोन्हीकडे मुदत महिनाभराची होती. पुन्हा दाखवायला या, असं चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेलं असायचं. पुष्कळजण गेले नाहीत, आणि औषधवाला जुन्या चिठ्ठीवर पाकीट देत राहिला. तुमच्या घरात कुणाची ती गोळी तेव्हापासून चालू असेल, तर ती परस्पर बंद करू नका. पण पाकीट आणि २०२१ची ती चिठ्ठी घेऊन या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ही अजून कशासाठी?